संकटकाळीं देवावरील भरंवसा

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



आजचा दिवस आनंदाचा आहे. पन्नास वर्षांपूर्वीं या वेदीवर पहिला पवित्र मिस्साबलि अर्पण झाला. आज तिच्याचभोवतीं आजा, बाप आणि नातू अशा तीन पिढ्या एकत्र जमल्या आहेत. अशा मंगल दिवशीं संकटाचा विषय कशाला काढावा, असें कोणी म्हणेल. परंतु या मंडळींत असें घर विरळाच असेल कीं ज्याचा उंबरठा गेल्या कांहीं वर्षांत दुःखानें ओलांडला नाहीं. २०२० सालीं महामारी आली, तेव्हां कित्येकांना आपल्या माणसाच्या मयतास खांदा देतां आला नाहीं. कोणाची वाडी विकली गेली, कोणाच्या विहिरीचें पाणी खारें झालें, कोणाची नोकरी सुटली, कोणाचीं मुलें परदेशीं गेलीं आणि म्हातारा-म्हातारी मागें एकटीं राहिलीं. हीं सर्व माणसें देवाला विसरलेलीं होतीं असें नाहीं. तीं गुडघे टेकून प्रार्थना करीत होतीं, आणि तरीहि संकट आलें. म्हणूनच त्यांच्या मनांत एक प्रश्न उभा राहतो: आम्हीं देवावर भरंवसा ठेविला, मग हें असें कां झालें?

हा प्रश्न विचारणें हें पाप नव्हे. ईयोबानें तो विचारला, स्तोत्रकर्त्यानें तो विचारला, आणि क्रूसावर टांगलेल्या आपल्या प्रभूनेंहि तो आपल्या पित्यासमोर मांडला. म्हणून आजच्या आनंदांतहि त्याला बाहेर ठेवूं नये, असें आम्हांस वाटतें. दुःखी माणसाला ज्या उत्सवांत जागा नाहीं, तो ख्रिस्ती उत्सव नव्हे.

शिवाय जुबिलीचा आणि भरंवशाचा संबंध फार जुना आहे. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत देवानें इस्राएली लोकांना आज्ञा केली कीं दर सातव्या वर्षीं जमिनीस विसांवा द्यावा, आणि सात वेळां सात वर्षें भरलीं म्हणजे पन्नासावें वर्ष पवित्र मानावें. त्या वर्षीं पेरूं नये, कापणी करूं नये. हातची गेलेली जमीन मूळ कुळाकडे परत जावी, आणि दास झालेला माणूस आपल्या घरीं परत यावा. या आज्ञेचें वजन किती, हें शेतकऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाहीं. पेरणीचे दिवस आले असतां नांगर कोपऱ्यांत उभा ठेवणें, ही लहान गोष्ट नव्हे. मग आम्हीं खावें काय, हा लोकांच्या मनांतला प्रश्न त्याच अध्यायांत नमूद केलेला आहे. त्या प्रश्नाबद्दल देव त्यांस रागें भरला नाहीं. आदल्या वर्षाच्या पिकावर आपला आशीर्वाद राहील, असें त्यानें त्यांस सांगितलें. तेव्हां तोरणें, पताका आणि वाजंत्री हें जुबिलीचें बाह्य रूप झालें. तिच्या मुळाशीं भरंवसा आहे.

परंतु भरंवसा कशास म्हणावें, याविषयीं आपला पुष्कळदां घोटाळा होतो. कित्येकांचा भरंवसा हा एक प्रकारचा सौदा असतो. मी इतक्या मेणबत्त्या लावीन, इतक्या जपमाळा म्हणेन. देवानें माझें अमुक काम करावें. काम झालें कीं देव चांगला. न झालें कीं देव बहिरा. दुसरे कित्येक खाटल्यावर बसून देवाची वाट पाहतात आणि त्या आळसास श्रद्धेचें नांव देतात. हे दोन्ही मार्ग आपल्या पूर्वजांचे नव्हेत. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, तेव्हां मांडवी भागांत त्या रोगाची पहिली ओळख पटविली ती डॉक्टर अकासियो व्हिएगस या गोमंतकीय कॅथलिक वैद्यानें. त्याच काळांत गिरगांव, वांद्रें इत्यादि ठिकाणीं आपल्या लोकांनीं प्लेगचे क्रूस उभारले आणि त्यांच्या पायाशीं सायंकाळीं प्रार्थना केल्या. वैद्यानें रोग्याची नाडी पाहावी आणि शेजाऱ्यांनीं क्रूसापाशीं गुडघे टेकावे, यांत विरोध मुळींच नाहीं. दोन्ही हात एकाच देवाचे आहेत.

तर मग खरा भरंवसा कसा असतो? व्याख्या करीत बसण्यापेक्षां आम्ही आपणांस एक हकीगत सांगतों. ती आपल्या वसईच्या भूमींतून निघते आणि समुद्रापलीकडे जपान देशांत जाऊन पोहोंचते.

१५५७ च्या सुमारास वसईस गोन्सालो गार्सिया याचा जन्म झाला. पिता पोर्तुगीज, माता येथील. येशूसंघीय पाद्र्यांच्या शाळेंत तो शिकला आणि लहान वयांतच त्यांच्याबरोबर जपानला गेला. तेथें त्यानें भाषा उत्तम आत्मसात केली आणि धर्मशिक्षणाच्या कामांत पाद्र्यांस साह्य केलें. त्या संघांत आपणांस घ्यावें अशी त्याची मोठी इच्छा होती. परंतु ती पुरी झाली नाहीं. आपली प्रार्थना ऐकली गेली नाहीं असें दुःख ज्यांना आहे, त्यांनीं आपल्या या वसईकर संताचें स्मरण करावें. जें दार त्यानें ठोठावलें तें उघडलें नाहीं. पुढें त्यानें व्यापार केला, त्यांत त्याचा जम बसला, आणि मग तो सर्व सोडून मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत साधा बंधु म्हणून त्यानें प्रवेश केला. १५९३ सालीं फादर पीटर बॅप्टिस्ट यांचा दुभाषी म्हणून तो पुन्हां जपानला गेला. तेथें क्योतो शहरीं त्या फ्रान्सिस्कन पाद्र्यांनीं देऊळ बांधलें आणि महारोग्यांसाठीं इस्पितळें चालविलीं.

१५९६ च्या अखेरीस जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याची मर्जी फिरली. गोन्सालो आणि त्याचे सोबती पकडले गेले. त्यांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यांत आला, आणि ऐन हिवाळ्यांत त्यांस शेंकडों मैलांची पायपीट करवून नागासाकीस नेण्यांत आलें. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांस क्रूसांवर बांधून भाल्यांनीं ठार मारण्यांत आलें. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि सतरा प्रापंचिक होते. सर्वांत धाकटा मुलगा अवघा बारा वर्षांचा होता. आपला गोन्सालो त्या वेळीं चाळिशीच्या आसपास होता. नवव्या पायस पोपमहाशयांनीं ८ जून १८६२ रोजीं या सर्वांस संतपदीं चढविलें.

आतां विचार करा. त्या दिवशीं टेकडीच्या पायथ्याशीं उभ्या असलेल्या ख्रिस्ती माणसास काय दिसलें असेल? प्रार्थना हरल्या आणि भाले जिंकले, एवढेंच. पुढेंहि बरे दिवस आले नाहींत. १६१४ सालीं जपानभर ख्रिस्ती धर्मास बंदी झाली. पाद्र्यांस हद्दपार केलें, जे लपून राहिले त्यांस शोधून मारलें, आणि १६४४ सालीं देशांतला शेवटचा धर्मगुरूहि हुतात्मा झाला. देवळें पाडलीं गेलीं. नागासाकींत तर दरवर्षीं घरोघरच्या माणसांस बोलावून येशूच्या किंवा मरियामातेच्या चित्रावर पाय द्यावयास लावीत. जो पाय देईना, त्याचा छळ होई.

तेथील गोरगरीब शेतकरी आणि कोळी यांनीं काय केलें? त्यांनीं देवाशीं भांडण केलें नाहीं. त्यांनीं आपसांत कामें वांटून घेतलीं. एकानें सणावारांचें पंचांग सांभाळावें, एकानें बाळांना बाप्तिस्मा द्यावा, एकानें घरोघर निरोप पोहोंचवावे. बौद्धांच्या कान्नोन देवीसारख्या दिसणाऱ्या मूर्तींत त्यांनीं मरियामातेस पाहिलें. लॅटिन आणि पोर्तुगीज शब्दांच्या प्रार्थना अर्थ पुरता कळेनासा झाला तरी त्यांनीं तोंडपाठ ठेविल्या आणि लेंकरांच्या कानीं घातल्या. पापनिवेदन ऐकावयास कोणी नव्हतें, म्हणून मनापासून पश्चात्ताप करण्याची प्रार्थना त्यांनीं जपून ठेविली. पुष्कळांनीं भीतीनें त्या पवित्र चित्रावर पाय दिला, हेंहि खरें. परंतु पाय दिल्यावर ते घरीं परत येत आणि दार लावून, डोळ्यांत पाणी आणून, तीच प्रार्थना म्हणत. आपण दुर्बळ आहों, पण देव दयाळु आहे, हें त्यांनीं सोडलें नाहीं. सात पिढ्यांनंतर समुद्रावरून जहाजें येतील आणि त्यांत पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू असतील, अशी एक परंपरा त्यांच्यांत चालत आली होती. आजा ती नातवास सांगे आणि तें जहाज न पाहतांच डोळे मिटी.

सुमारें अडीचशें वर्षें अशीं गेलीं. मग परदेशी व्यापाऱ्यांस जपानांत राहण्याची मोकळीक मिळाली, आणि त्यांच्यासाठीं फ्रेंच धर्मगुरूंनीं नागासाकींत ओउरा येथें एक देऊळ बांधलें. तें देऊळ त्यांनीं त्याच सव्वीस हुतात्म्यांस अर्पण केलें. म्हणजे वसईच्या गोन्सालोचें नांवहि त्या देवळाच्या नांवांत आहे, हें आपण लक्षांत ठेवावें. १७ मार्च १८६५ रोजीं दुपारीं उराकामी गांवचे दहा-पंधरा साधे लोक त्या देवळाच्या दारीं येऊन उभे राहिले. फादर पेतीजाँ यांनीं त्यांस आंत घेतलें. ते गुडघे टेकून प्रार्थना करीत असतां एक स्त्री हळूच त्यांच्याजवळ आली आणि आम्हां सर्वांचें हृदय आपल्या हृदयासारखेंच आहे, असें तिनें त्यांस सांगितलें. मग तिनें मरियामातेची मूर्ति कोठें आहे म्हणून विचारलें. मातेच्या हातांत बाळ येशू पाहून त्या लोकांस अपार हर्ष झाला. तो उपवासकाळ होता. आणि त्यांच्या लपवून जपलेल्या पंचांगाप्रमाणेंहि तो दुःखाचा काळच चालला होता. अडीच शतकें धर्मगुरूंवांचून काढलेल्या त्या माणसांचा दिवसाचा हिशेब चुकला नव्हता! पुढें जवळच्या गांवांतून आणि बेटांतून असे हजारों लोक उजेडांत आले.

गोन्सालोच्या मृत्यूपासून या दिवसापर्यंत दोनशें अडुसष्ट वर्षें झालीं होतीं. त्यानें जें पेरलें तें उगवलेलें त्यानें पृथ्वीवर पाहिलें नाहीं. त्याच्या नातवंडांच्या वयाच्या लोकांनींहि पाहिलें नाहीं. तरी तें उगवलें.

आमची हकीगत येथें थांबती तर ऐकावयास गोड वाटली असती. परंतु भरंवशाविषयीं बोलणारानें पुढचा भाग गाळूं नये. उराकामीचे लोक उघडकीस आले आणि त्यांच्यावर पुन्हां छळ आला. १८६८ सालापासून त्या गांवच्या तीन हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांस व मुलांस घरांतून काढून दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार केलें. सहाशेंहून अधिक त्यांत मेले. १८७३ सालीं बंदी उठली आणि उरलेले घरीं परतले, तेव्हां शेतें उजाड झालेलीं होतीं. त्या दरिद्री लोकांनीं पैसा पैसा जमवून गांवच्या मुखियाची जुनी जागा विकत घेतली. हीच ती जागा, जेथें त्यांच्या वाडवडिलांस पवित्र चित्रावर पाय द्यावा लागे. तेथें त्यांनीं विटांचें भव्य देऊळ बांधावयास घेतलें. १८९५ सालीं आरंभ झाला आणि १९१४ सालीं तें उघडलें.

आणि ९ ऑगस्ट १९४५ रोजीं सकाळीं अकराच्या सुमारास अणुबाँब पडला तो याच उराकामीवर. पंधरा ऑगस्टच्या मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाची तयारी म्हणून कांहीं भाविक त्या वेळीं पापनिवेदनास आले होते. ते आणि धर्मगुरू तेथेंच मृत्यु पावले. त्या धर्मग्रामांतील सुमारें बारा हजार कॅथलिकांपैकीं साडेआठ हजारांच्या आसपास मरण पावले.

बंधुभगिनींनो, अडीचशें वर्षें ज्यांनीं देवास सोडलें नाहीं, त्यांच्याच डोक्यावर हें कां यावें? याचें उत्तर आमच्यापाशीं नाहीं. तेथील डॉक्टर ताकाशी नागाई यांची पत्नी त्या दिवशीं जळून गेली. राखेंत तिच्या अस्थींजवळ त्यांस तिची जपमाळ सांपडली. त्या थोर पुरुषानें पुढें आपल्या मृत बांधवांस देवास वाहिलेला होमबलि म्हटलें. कित्येकांस त्यांतून सांत्वन मिळालें, कित्येकांस तें बोलणें मान्य झालें नाहीं. ज्यानें स्वतः सर्वस्व गमावलें, त्यास तें बोलण्याचा अधिकार होता, आपणांस नाहीं. आपण एवढेंच म्हणूं शकतों कीं बाँब मनुष्यानें बनविला आणि मनुष्यानेंच टाकला, आणि ज्या क्रूसावर निरपराध प्रभु मेला, त्याच क्रूसापाशीं हे निरपराध लोकहि आहेत.

मात्र जे वांचले त्यांनीं काय केलें, हें आम्हांस ठाऊक आहे. त्यांनीं पडलेल्या देवळाचा मलबा उपसला. देवळाच्या दोन घंटांपैकीं एक फुटली होती. दुसरी त्यांस मातींत अभंग सांपडली. ती त्यांनीं लांकडांच्या तिवईवर टांगली आणि १९४५ च्या नाताळच्या आदल्या रात्रीं त्या ओसाड माळावर वाजविली. १९५९ सालीं देऊळ पुन्हां उभें राहिलें. तेव्हां भरंवसा म्हणजे काय, असें कोणी आम्हांस विचारील, तर आम्ही त्या घंटेकडे बोट दाखवूं. आपलें घर पडणार नाहीं, अशी हमी म्हणजे भरंवसा नव्हे. घर पडलें तरी देव पडला नाहीं असें जाणून, हातीं येईल तें काम पुन्हां सुरू करणें, यास भरंवसा म्हणावें.

या हकीगतींतून आपल्या धर्मग्रामानें तीन गोष्टी घ्याव्या, अशी आमची विनंति आहे.

पहिली ही कीं भरंवसा एकट्याच्या बळावर टिकत नाहीं. पंचांग सांभाळणारा, बाप्तिस्मा देणारा आणि निरोप नेणारा असे तिघे होते, म्हणून तो अडीचशें वर्षें टिकला. आपल्याहि भूमीचा अनुभव असाच आहे. मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांच्या फौजेपुढें वसईचा किल्ला पडला आणि पोर्तुगीज सत्ता गेली. युरोपियन पाद्री निघून गेले, आणि येथील भाविकांची सेवा देशी धर्मगुरूंच्या हातीं आली. पोर्तुगिजांबरोबर हा धर्महि जाईल असें कोणास वाटलें असल्यास नवल नाहीं. परंतु तो गेला नाहीं. कारण तो किल्ल्यांत राहत नव्हता, तो घरांत राहत होता. १९९८ सालीं वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, त्याचा पाया त्या घरांनीं घातला. म्हणून शेजारच्या घरीं दुःख आलें असतां, ही देवाची इच्छा, एवढें बोलून परत येऊं नये. त्या घरीं बसावें, त्यांचें रडणें ऐकावें, त्यांच्या चुलीवर भांडें चढवावें. ज्याचा भरंवसा डळमळला आहे, त्याला उपदेश करण्यापेक्षां आपल्या भरंवशाचा खांदा द्यावा.

दुसरी गोष्ट ही कीं भरंवसा मोठ्या शब्दांत राहत नाहीं, लहान कर्तव्यांत राहतो. २०२० सालीं देवळांचीं दारें बंद झालीं, तेव्हां आपणांस थोडे महिने मिस्साबलीस जातां आलें नाहीं आणि तेवढ्यानें जीव कासावीस झाला. त्या दिवसांत कित्येक घरांत वर्षानुवर्षें न म्हटलेली सायंप्रार्थना पुन्हां सुरू झाली. दारें उघडल्यावर ती पुन्हां बंद पडली काय, हें ज्यानें त्यानें आपल्या मनास विचारावें. नागासाकीच्या आयांनीं अर्थ न कळणाऱ्या प्रार्थना मुलांस पाठ करविल्या. आपणांस तर त्या आपल्या मायबोलींत म्हणतां येतात. मुलगा उद्यां परदेशीं जाईल, तेथें त्यास गांवचें देऊळ दिसणार नाहीं. पण आईनें शिकविलेली प्रार्थना त्याच्याबरोबर जाईल.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. भरंवसा ठेवणारा माणूस फळ आपल्याच डोळ्यांनीं पाहण्याचा हट्ट धरीत नाहीं. गोन्सालोनें तो धरला नाहीं. जहाजाची वाट पाहत मेलेल्या सात पिढ्यांनीं तो धरला नाहीं. पन्नास वर्षांपूर्वीं ज्यांनीं या देवळासाठीं डोक्यावरून माती वाहिली, त्यांतले पुष्कळ आज मागें दफनभूमींत विसांवा घेत आहेत. आजचा हा सोहळा त्यांनीं पाहिला नाहीं. परंतु तो त्यांचाच आहे. तुमच्यापैकीं ज्या आईनें मुलासाठीं वर्षानुवर्षें अश्रु ढाळले आणि अजून उत्तर पाहिलें नाहीं, तिला आम्ही सांगतों: तुझी प्रार्थना वायां गेली, असें समजूं नकोस. तुझा हिशेब तुझ्या आयुष्याइतका आखूड आहे. देवाचा हिशेब तितका आखूड नाहीं.

आतां भाषण आटोपतें घेतों. पुढच्या पन्नास वर्षांत या धर्मग्रामावर कोणतीं संकटें येतील, हें आपणांपैकीं कोणासहि ठाऊक नाहीं. तीं येणार नाहींत असें आश्वासन आम्ही देत नाहीं. तें प्रभूनेंहि आपल्या शिष्यांस दिलें नाहीं. त्यानें आपण त्यांच्याबरोबर राहूं, एवढेंच वचन दिलें. आणि निशिझाकाच्या टेकडीवर, उराकामीच्या राखेंत आणि वसईच्या वाड्यांत तें त्यानें पाळलें आहे. त्या वचनाच्या आधारावर आपण आपलीं शेतें पेरावीं, मुलांस शिकवावें, रोग्यांची शुश्रूषा करावी, मेलेल्यांस मूठमाती द्यावी, आणि रोज सायंकाळीं घंटा वाजली कीं मरियामातेचें स्मरण करून मस्तक लववावें.

हे दयाळु पित्या, या धर्मग्रामांतील जे दुःखांत आहेत त्यांस धीर दे, जे सुखांत आहेत त्यांस दुःखितांकडे जाण्याची बुद्धि दे, आणि आम्हां सर्वांस तुझा हात दिसत नसतांनाहि तो धरून ठेवण्याची कृपा दे. संत गोन्सालो गार्सिया, आम्हांसाठीं विनंति कर. आमेन.